एका वेळी एकच बदल : म्हाताऱ्या मांजरीचे आतडे सांभाळताना

मांजर ओकते, त्यात काय एवढे, असेच बहुतेक घरांत मानले जाते. केसांचा गोळा निघाला असेल, गवत खाल्ले असेल, अधाशासारखे जेवले असेल, अशी कारणे आपल्याजवळ तयार असतात आणि तरुण मांजराच्या बाबतीत ती पुष्कळदा खरीही निघतात. परंतु दहा-बारा वर्षांपुढचे मांजर आठवड्यातून दोन-तीनदा ओकू लागले, त्याची शी एके दिवशी बांधीव तर दुसऱ्या दिवशी पातळ होऊ लागली आणि वाटीतले अन्न नेमाने संपत असूनही पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागू लागले, तर वयाकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे योग्य नाही. अशी लक्षणे तीन आठवड्यांहून अधिक टिकली की पशुवैद्य त्यांना जुनाट म्हणतात आणि तेथून तपासाची दिशाच बदलते.

आमची चिंगी चौदा वर्षांची आहे. देशी, तिरंगी, ठाण्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली जन्मलेली आणि पुढे चौथ्या मजल्यावर कायमची राहायला आलेली. तिचे वजन वर्षानुवर्षे ४ किलो २०० ग्रॅमच्या आसपास असे, ते उतरत उतरत ३ किलो ३०० ग्रॅमवर आले. ९०० ग्रॅम हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो तिच्या देहाचा पाचवा हिस्सा होता. ६० किलोच्या माणसाचे १२-१३ किलो वजन असे उतरले असते तर घरच्यांनी त्याला केव्हाच दवाखान्यात नेले असते.

तिच्या आतड्याचा जुनाट दाह औषधे आणि आहार यांच्या आधाराने आटोक्यात ठेवताना जे कळत गेले ते येथे लिहीत आहे. त्यातले मुख्य आधीच सांगते. या आजारात कोणते औषध किती जालीम आहे, यापेक्षा एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरीला हात न लावणे याला अधिक मोल आहे. आणि आपल्याकडच्या भरल्या घरात नेमके तेच सर्वांत अवघड असते. औषधांच्या ज्या मात्रा पुढे येतील त्या चिंगीच्या डॉक्टरांनी चिंगीचे वजन आणि रक्ताचे अहवाल पाहून ठरवलेल्या आहेत. त्या दुसऱ्या मांजराला लागू होतील असे समजू नये.

तपासाचा पहिला टप्पा आतड्याबाहेरचे आजार वगळण्याचा असतो. भरपूर खाऊनही रोडावणाऱ्या म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत थायरॉइडचा अतिस्राव, मधुमेह आणि मूत्रपिंडांचा विकार या तिघांची झडती आधी घ्यावी लागते, म्हणून रक्तातील थायरॉइडचे संप्रेरक टी-४, साखर, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वगैरे पाहिले गेले. शी तपासून जंत आणि जिआर्डिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) नाहीत याची खातरजमा झाली. स्वादुपिंडाचीही चौकशी झाली, कारण मांजराची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एकत्र येऊन आतड्यात उघडतात. त्यामुळे आतडे, स्वादुपिंड आणि यकृताचा पित्तमार्ग या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी दाह आढळणे मांजरांत नवलाचे नाही. मग सोनोग्राफी झाली. तिच्यासाठी पोटावरचे केस काढावे लागतात आणि हा अपमान चिंगीला आजारापेक्षा अधिक झोंबला.

सोनोग्राफीत लहान आतड्याच्या भिंतीचा स्नायूंचा थर जाड झालेला दिसला आणि शेजारच्या लसिका ग्रंथी किंचित सुजलेल्या दिसल्या. म्हाताऱ्या मांजरात असे चित्र दिसले की दोन शक्यता उरतात. एक म्हणजे आतड्याचा जुनाट दाह, ज्याला डॉक्टर आयबीडी म्हणतात, आणि दुसरी म्हणजे लहान पेशींचा, सावकाश वाढणारा लिंफोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. या दोहोंची लक्षणे सारखी, सोनोग्राफीतले चित्रही पुष्कळसे सारखे, आणि पहिल्याचे रूपांतर काही मांजरांत हळूहळू दुसऱ्यात होत असावे असे अनेक तज्ज्ञ मानतात. फरक कळायचा तर आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. दुर्बिणीतून तो काढला तर दुर्बीण पोहोचते तेथपर्यंतच्या आतल्या अस्तराचाच मिळतो. पोट उघडून काढला तर भिंतीच्या पूर्ण जाडीचा मिळतो, पण ती मोठी शस्त्रक्रिया होते. भूल दोन्हींत द्यावी लागते.

आम्ही तुकडा न काढण्याचे ठरवले. चिंगीचे वय, उतरलेले वजन आणि दोन्ही निदानांत पहिल्या पायरीचे औषध एकच, ही आमची कारणे होती. दुसऱ्या घराने उलट निर्णय घेतला तर तोही मला शहाणपणाचाच वाटेल, विशेषतः मांजर अंगाने भरलेले आणि आठ-नऊ वर्षांचे असेल तर. फक्त हा निर्णय स्टेरॉइडची पहिली गोळी देण्यापूर्वी घ्यायला हवा, कारण स्टेरॉइड सुरू झाल्यावर काढलेल्या तुकड्यात आजाराच्या खुणा पुसट होतात आणि अहवाल संदिग्ध येतो. आमच्या डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितले, दोन दिवस विचार करायला दिले आणि तोवर औषध लिहिले नाही. चांगल्या पशुवैद्याची ही एक खूण मानावी.

औषधाआधी आहार, हा त्यांचा क्रम. आतड्याच्या जुनाट विकाराच्या पुष्कळ मांजरांना केवळ खाद्य बदलल्याने उतार पडतो आणि पडणार असेल तर तो बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. त्वचेच्या ॲलर्जीसाठी आठ आठवडे थांबावे लागते, तितके येथे लागत नाही. या चाचणीत मांजराने पूर्वी कधी न खाल्लेले प्रथिन द्यायचे, किंवा हायड्रोलाइज्ड खाद्य द्यायचे. हायड्रोलाइज्ड म्हणजे प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले, की शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला ते ओळखू येऊ नये. पहिला पर्याय ऐकायला सोपा वाटतो, पण आपल्याकडे तो अवघडच आहे. बाजारात मिळणाऱ्या मांजरांच्या बहुतेक खाद्यांत कोंबडी किंवा मासे असतात, पाकिटावर दुसरे काही ठळक छापलेले असले तरी घटकांच्या बारीक यादीत कोंबडी सापडतेच. आणि कोळणीच्या पाटीपाशी वाढलेल्या चिंगीने बोंबलापासून बांगड्यापर्यंत काय खाल्ले नव्हते, हे सांगणेच कठीण होते. म्हणून हायड्रोलाइज्ड खाद्य ठरले.

ते जुन्या खाद्यात थोडे थोडे मिसळत, आठवडाभरात पूर्ण बदलायचे होते. मांजराच्या बाबतीत ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब चालत नाही, हे येथे मुद्दाम लिहिते. दोन-तीन दिवस मांजराच्या पोटात काहीच गेले नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून जिवावर बेतणारा यकृताचा विकार उद्भवू शकतो. आधी लठ्ठ असलेल्या मांजराला तर हा धोका अधिक. त्यामुळे नवे खाद्य नाकारले तर हट्टाला पेटायचे नसते. डॉक्टरांना कळवून दुसऱ्या चवीचे किंवा दुसऱ्या रूपाचे खाद्य शोधायचे असते. चिंगीने कोरडे दाणे हुंगून सोडून दिले, पण तेच कोमट पाण्यात भिजवून, हाताला जेमतेम ऊन लागतील असे करून दिल्यावर खाल्ले. मांजर चवीपेक्षा वासावर खाते आणि थंड अन्नाला वास नसतो.

खरी परीक्षा घराची होती. आमच्या सासूबाई शाकाहारी आहेत. चिंगीची कोंबडी आजवर गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजत आली. नव्या खाद्यातले मुख्य प्रथिन सोयाबीनचे आहे हे कळल्यावर आईंना जो आनंद झाला तो मी मोडला नाही, मात्र त्यात टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक अमिनो आम्ल आणि मांसाहारी प्राण्याला लागणारी इतर द्रव्ये कारखान्यात मोजून घातलेली असतात, तेव्हा उद्यापासून तिला वरणभात चालेल असा अर्थ काढू नये, हे त्यांना सांगितले. दुधाचे समजावणे अधिक कठीण गेले. मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या म्हणींत इतकी घट्ट बसली आहे, की मोठ्या झालेल्या मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे विकर फारसे उरत नाही, ही गोष्ट कोणाला खरीच वाटत नाही. दुधाने निरोगी मांजराचेही पोट बिघडते; दाह झालेल्या आतड्याची गोष्टच वेगळी. दही-ताकात ती साखर कमी असते हे खरे, पण दुधाचे प्रथिन असतेच, आणि चाचणीच्या काळात बोटभर दह्यानेही निष्कर्ष गढूळ होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून येणारे सुक्या जवळ्याचे घास, वॉचमनदादांची बिस्किटे, जंताची स्वादयुक्त गोळी, हे सारे त्याच यादीत येते. आम्ही फ्रीजवर एक चिठ्ठी लावली आणि काकूंना भेटून सांगितले. त्यांनी चिंगीला काही न देण्याचे कबूल केले. त्या बदल्यात तिची खबर रोज विचारतात.

घरी शिजवूनच द्यावे, ताजे ते उत्तम, असा सल्ला पुष्कळ जण देतात, म्हणून त्याविषयी थोडे लिहायला हवे. मीठ न घालता उकडलेली बिनहाडाची कोंबडी दोन-चार दिवसांच्या जुलाबांपुरती ठीक असते. महिनोन्‌महिने ती एवढीच दिली तर मांजराची उपासमार होते, पोट भरलेले दिसत असूनही. नुसत्या मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम नगण्य असते. टॉरिन पाण्यात विरघळते, म्हणून उकडलेल्या मांसाचे पाणी फेकून दिले की त्यातले बरेचसे टॉरिन मोरीत जाते. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचे हृदय कमकुवत होऊन फुगते, हे अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले आणि त्यानंतर जगभरच्या कंपन्यांनी आपल्या खाद्यांतले टॉरिनचे प्रमाण वाढवले. घरचेच द्यायचे असेल तर पशुआहाराच्या जाणकाराकडून मोजमापासह कृती घ्यावी. कांदा आणि लसूण यांचा अंशही त्यात नसावा. त्यांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या स्वयंपाकघरातला कोणताही रस्सा या दोहोंवाचून शिजत नाही.

खाद्य बदलल्यावर चिंगीची शी सुधारली. उलट्या निम्म्यावर आल्या. वजन मात्र जागचे हलले नाही. अर्धा गुण आला, असे डॉक्टर म्हणाले, आणि हा अर्धा गुण आहाराचा आहे हे निश्चितपणे म्हणता आले, कारण दुसरे काहीच बदललेले नव्हते.

त्यानंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आले. मांजरांना प्रेडनिसोन नव्हे तर प्रेडनिसोलोनच द्यायचे असते, कारण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम मांजराचे यकृत नीट करत नाही. आपल्याकडे माणसांच्या औषधांच्या दुकानांत बहुधा प्रेडनिसोलोनच मिळते, तरी नाव वाचून घ्यावे. चिंगीला दिवसातून एकदा ५ मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या वजनाला किलोमागे दीड मिलिग्रॅम. आठवडा उलटायच्या आत ती ओट्याखाली येऊन ओरडू लागली, पूर्वी नुसते हुंगून सोडलेले दाणे कोरडेच खाऊ लागली, आणि घरात सर्वांना वाटले की आता झाले. स्टेरॉइडचा हा पहिला परिणाम फसवा असतो. त्याने भूक वाढते हे खरे, पण दाह किती ओसरला हे भुकेवरून नव्हे तर वजनावरून कळते आणि वजन आठवड्यांच्या गतीने चालते.

हे औषध एकाएकी बंद करायचे नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत असले की शरीर स्वतःचे तयार करणे आवरते घेते, आणि बाहेरचे अचानक थांबले तर दोन्हीकडून तूट पडून मांजर कोसळू शकते. गावाला जाताना मांजर ज्यांच्याकडे सोपवायचे त्यांना सर्वांत आधी हे सांगावे. एक वेळ खाणे उशिरा झाले तर चालेल, गोळी चुकता कामा नये. मात्रा कमी करायची तीही दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, एकेक पायरी, आणि लक्षणे परतली तर आधीच्या पायरीवर परत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या मांजराला मधुमेह होऊ शकतो, म्हणून पाण्याच्या भांड्यावर आणि शी-शूच्या ट्रेमधल्या मातीच्या ओल्या गोळ्यांच्या आकारावर लक्ष ठेवायचे. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती चढते, त्यामुळे एकट्या आकड्यावर विश्वास न ठेवता गेल्या दोनएक आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामीनची चाचणी जोडीला करतात. म्हाताऱ्या मांजरांचे सांधेही दुखतात; तेव्हा कोणी मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक सुचवले, तर चालू असलेल्या स्टेरॉइडची आठवण त्यांना करून द्यावी, कारण ही दोन औषधे एकत्र दिल्यास जठरात व्रण होऊ शकतात. आम्ही वेदनाशामकाऐवजी ट्रेची एक बाजू कापून बुटकी केली आणि पलंगाला एक स्टूल लावले.

बी-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटली. ते शोषले जाण्यासाठी एका वाहक प्रथिनाची गरज असते. माणसात ते जठरात तयार होते, मांजरात स्वादुपिंडात. आणि शोषण होते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. म्हणजे मांजराचे स्वादुपिंड बिघडो वा आतडे, बी-१२ खालावू शकते. ते खालावले की भूक मरते, आतड्याच्या पेशींची झीज भरून येत नाही, आणि योग्य औषधही लागू पडत नाही. चिंगीचे बरेच खाली होते. २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, कातडीखाली, आणि त्यानंतर अंतर वाढवून. असा क्रम ठरला. डॉक्टरांनी निव्वळ बी-१२ लिहून दिले होते. दुकानदार सवयीने बी-कॉम्प्लेक्स पुढे करतो, पण त्यात बी-१२ थोडे असते आणि ते टोचताना मांजराला झोंबते. सुई टोचायला मी दवाखान्यातच शिकले. मानेमागची कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि मांजराचे तोंड वाटीत असताना काम उरकायचे. बी-१२ रोजच्या तोंडी गोळीनेही भरून काढता येते असे आता दिसून आले आहे, आणि टोचू न देणाऱ्या मांजरांसाठी ती मोठीच सोय आहे. मात्र आमच्या घरात गोळी देणे हेच इंजेक्शनहून बिकट काम असल्यामुळे तो प्रश्न आला नाही.

वजन ३ किलो ७०० ग्रॅमपर्यंत चढले. मग प्रेडनिसोलोन अडीच मिलिग्रॅमवर आणले, आणि काही आठवड्यांत वजनाची रेघ पुन्हा खाली वळली. खाद्य तेच होते, बी-१२ चालू होते, घरात कोणी पाहुणे नव्हते. तेव्हा कारण शोधत बसावे लागले नाही. मात्रा पुन्हा वाढवून कायम तेथेच ठेवण्यापेक्षा जोडीला दुसरे औषध द्यावे, असे डॉक्टरांनी सुचवले. ते क्लोरॅम्ब्युसिल. माणसांच्या रक्ताच्या कर्करोगांत वापरले जाणारे हे जुने औषध मांजरांत लहान पेशींच्या लिंफोमासाठी आणि स्टेरॉइडला न बधणाऱ्या दाहासाठीही वापरतात. आम्ही तुकडा काढलेला नसल्यामुळे दोन्ही शक्यता त्याने झाकल्या गेल्या. २ मिलिग्रॅमची गोळी, चिंगीच्या वजनाला दर तिसऱ्या दिवशी एक. ही गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, हातमोजे घालूनच धरायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. अस्थिमज्जेवर तिचा परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला दोन आठवड्यांनी आणि पुढे ठरावीक अंतराने रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी लागते.

हे औषध आमच्या भागातल्या दुकानांत नव्हते. परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात मिळेल असे कळले, म्हणून तेथे गेले. त्याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही. मुंबईत आजारी जनावर घेऊन लोक पिढ्यान्‌पिढ्या जेथे जात आले, ती जागा आणि माणसांच्या कर्करोगाचे रुग्णालय ही एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे गावाहून आलेली माणसे होती, हातात फायली, पिशवीत डबा. चिठ्ठीवर रुग्णाच्या नावाच्या जागी ‘चिंगी, मांजर, १४ वर्षे’ असे लिहिलेले होते आणि ती चिठ्ठी पुढे करताना मला संकोच वाटला हे खरे. दुकानदाराने ती वाचली, शिक्का मारला आणि पुढच्या वेळी आधी फोन करा, मागवून ठेवतो, एवढेच म्हणाला.

गोळी देण्याविषयी थोडे. मांजराच्या तोंडात कोरडी गोळी टाकली तर ती पुष्कळदा अन्ननलिकेतच अडकून बसते आणि काही औषधांनी, विशेषतः डॉक्सिसायक्लिनने, तेथे जखम होऊन नलिका आकसते. म्हणून गोळीमागोमाग सुई नसलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने सावकाश सोडावे किंवा लगेच खायला द्यावे. चिंगीची गोळी तिच्याच खाद्याच्या पिठीत लपेटली जाते. लोण्याची, चीजची युक्ती सर्वत्र सुचवली जाते, पण ज्या आतड्यासाठी दूध वर्ज्य केले त्याच्यासाठी ती कशी चालावी? मेट्रोनिडॅझोल तर इतके कडू, की मांजराच्या तोंडाला फेस येतो आणि पुढचे दोन दिवस ते आपल्या हाताकडे संशयाने पाहते. जुलाब म्हटले की हे औषध लिहून देण्याची जुनी रीत आता मागे पडत चालली आहे, कारण ते आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचीही वाताहत करते. माझ्या मते ते बरेच झाले.

मळमळ ओळखायला मी उशिरा शिकले, कारण मळमळणारे मांजर ओकतेच असे नाही. ते वाटीपाशी येते, हुंगते, ओठ चाटते, आवंढा गिळते आणि मागे फिरते. घरच्यांना वाटते, नखरे करते आहे. अशा दिवसांसाठी डॉक्टरांनी ओन्डान्सेट्रॉन दिले आहे, आणि भुकेसाठी मिर्टाझापीन, साडेसात मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग. मिर्टाझापीनने भूक येते तशी वाचाही येते. त्या रात्री चिंगी घरभर बोलत फिरते. माणसांच्या औषधांचा डबा या निमित्ताने सारखा उघडला जातो, तेव्हा एक गोष्ट सांगायलाच हवी: ताप असो वा दुखणे, पॅरासिटामॉलचा तुकडाही मांजराला देऊ नये. त्याचे विष निष्प्रभ करण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते आणि एका गोळीने ते दगावू शकते.

या सगळ्याची नोंद आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर होते. दुधाचा आणि गॅसचा हिशेब आई तेथेच लिहितात, त्याच चौकटींत आता चिंगीचे वजन, उलटी झाल्यास फुली, शी पातळ असल्यास आडवी रेघ आणि गोळी दिल्यास टिंब अशा खुणा असतात. वजन दर रविवारी, सकाळच्या खाण्याआधी, तान्ह्या बाळांच्या काट्यावर. माणसाने मांजर कडेवर घेऊन वजन करायचे आणि मग स्वतःचे वजा करायचे, या रीतीत शंभर-दोनशे ग्रॅमची गफलत सहज होते, आणि येथे सारा निवाडा शंभर ग्रॅमांवर असतो. डॉक्टरांकडे जाताना मी त्या पानाचे छायाचित्र नेते. ‘बरी आहे’, ‘जरा कमी खाते’ अशा शब्दांतून त्यांना काही ठरवता येत नाही. फुल्या मोजून आणि वजनाची रेघ पाहून येते.

त्या पानाचा आणखी एक उपयोग झाला. घरात कोणी नवा उपाय सुचवला, मग ते आईंचे जिऱ्याचे पाणी असो, भाच्याने मागवलेली प्रोबायोटिकची पुडी असो की मी स्वतः कुठेतरी वाचलेले भोपळ्याचे गर असो, की तो चौकटीत लिहून त्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन आठवडे मोकळे सोडायचे, असा नियम झाला. प्रोबायोटिकने शीत थोडा फरक पडला, म्हणून डॉक्टरांना विचारून ते ठेवले. भोपळ्याने काहीच झाले नाही. जिऱ्याचे पाणी चिंगीने प्याले नाही, त्यामुळे तो प्रयोग निकालाविनाच संपला.

सध्या तिचे वजन ३ किलो ८५० ग्रॅम आहे, उलटी महिन्यातून एखादी, प्रेडनिसोलोन अडीच मिलिग्रॅम एका दिवसाआड, बी-१२ महिन्यातून एकदा. तरुणपणीचे ४ किलो २०० पुन्हा येईल असे डॉक्टरांना वाटत नाही आणि त्यासाठी औषध वाढवावे असेही वाटत नाही. गेल्या तपासणीत पांढऱ्या पेशी किंचित उतरल्या होत्या, म्हणून क्लोरॅम्ब्युसिलचे अंतर आणखी वाढवून पाहावे का, हा विषय निघाला. पुन्हा मोजणी केली तेव्हा पेशी मर्यादेत आल्या होत्या, तेव्हा घाई नाही. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने ती पलंगाखाली जाते आणि चार-पाच दिवस धड खात नाही. त्याच सुमारास गोळीचे अंतर बदलले तर उतरलेले वजन फटाक्यांचे की गोळीचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून नोव्हेंबरचे पान जसे आहे तसेच चालू ठेवायचे आणि अंतर बदलायचे ते तुळशीचे लग्न झाल्यावर, असे डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवले आहे.